इंडियानाचा चव्हाटा आणि आमची उद्यमबाग

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘परदेशी कंपन्या बेळगावात येणार’ अशी बातमी आपल्या अंकात वर्षातून तीन-चार वेळा तरी येते. मी ती नेमाने वाचतो, कापतो आणि शेडमधल्या खिळ्याला टोचून ठेवतो. २०१२ पासूनची कात्रणं आहेत, खिळा आता वाकलाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरला मोठा मेळावा झाला आणि दहा लाख कोटी रुपयांहून जास्त गुंतवणुकीचे वायदे मिळाल्याचं सरकारने सांगितलं. ते कात्रण सगळ्यात वर आहे. हे पत्र त्यावरूनच लिहितोय, पण बोलणार आहे अमेरिकेतल्या एका राज्याबद्दल. पत्र लांबेल. काटछाट करायचीच झाली तर शेवटची मागणी तेवढी ठेवा.

मी १९७८ साली उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, हेल्पर म्हणून लागलो. वर्कशॉप झाडता झाडता टर्नर झालो आणि पुढे एक जुनं लेथ घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. आज संगणकावर चालणाऱ्या सहा मशिनी (चार सीएनसी, दोन व्हीएमसी) आणि बावीस माणसं आहेत. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या आणि पंपाची हाउसिंग आम्ही मशीन करून देतो. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, इथल्याच फाउंड्रीचं. माल मोठ्या कारखान्यांकडे जातो, तिथून देशाबाहेर. पेटीवर आमचं नाव नसतं.

धाकटी लेक आणि जावई इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी असतात. जावई निपाणीचा. शिकला बेळगावात, पुण्याला कमिन्स या इंजिनांच्या कंपनीत लागला, कंपनीने तिकडे पाठवलं. गेल्या वर्षी मे ते सप्टेंबर आम्ही दोघं तिथे होतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी चतुर्थीला बेळगावाबाहेर राहिलो. पहिल्या आठवड्यात सौ. म्हणाली, “अवो, हितं गाडीचा हॉर्नसुद्धा ऐकू येईना की.” गाव म्हणाल तर पन्नास हजार वस्तीचं, आपल्या निपाणीहून थोडं लहानच. चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन. पण कमिन्सचं मुख्यालय तिथे आहे, १९१९ पासून. आणि त्याच गावात टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना १९९० पासून चालू आहे, चाकांच्या रिंगा ओतणारी आणखी एक जपानी कंपनी त्याच्याही आधीपासून आहे. मी जावयाला विचारलं, “बापू, ही जपानी माणसं या मक्याच्या रानात कशी काय आली?” तो म्हणाला, “मामा, आली नाहीत. आणली.”

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी तोच एक विषय धरून बसलो. लेक वैतागली.

इंडियाना हे राज्य अमेरिकेच्या नकाशात मधोमध, थोडं उजवीकडे. लोकसंख्या ६८ लाखांच्या आसपास. आपल्या एका बेळगाव जिल्ह्याचीच २०११ ची खानेसुमारी जवळपास ४८ लाख आहे, म्हणजे राज्य काही फार मोठं नाही. इंडियानापोलिस या राजधानीत चार दिशांचे महामार्ग येऊन मिळतात, आणि राज्याचं अधिकृत बोधवाक्य १९३७ पासून ‘अमेरिकेचा चव्हाटा’ असंच आहे. माझं घर चव्हाट गल्लीत. ते ऐकून मला उगीच बरं वाटलं. पण चव्हाट्यावर असणं ही काही त्यांची एकट्याची मिरासदारी नव्हे. शेजारचं ओहायो, इलिनॉय, केंटकी, सगळे हेच सांगतात की आमच्याकडून एका दिवसात अर्ध्या अमेरिकेत माल पोचतो. आणि आपण तरी काय कमी आहोत? पुणे-बंगळूर महामार्ग दारातून जातो, गोव्याचं बंदर घाट उतरलं की आलं, सांब्र्याचा विमानतळ १९४२ सालचा. तरीही आम्ही चव्हाट्यावर उभं राहून दुसऱ्यांचे कंटेनर मोजतो.

१९८० च्या दशकात रॉबर्ट ऑर नावाचे गव्हर्नर तिथे होते. त्या काळात अमेरिकेत जपानी गाड्यांचा राग इतका होता की लोक हातोडे घेऊन त्या फोडत. गावोगावचे कारखाने जपानी मालामुळे बंद पडत होते. त्याच वेळी हे गृहस्थ जपानला जाऊन तिथल्या कंपन्यांच्या दारात बसले. त्यातून लाफायेत गावाजवळ सुबारू आणि इसुझू यांचा मिळून कारखाना उभा राहिला आणि १९८९ मध्ये त्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. मग १९९५ मध्ये टोयोटाने प्रिन्स्टन गाव निवडलं. २००६ मध्ये होंडाने ग्रीन्सबर्ग. एक आला की त्याचे सुटे भाग पुरवणारे दहा मागोमाग येतात, हे उद्यमबागेतल्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही.

ग्रीन्सबर्ग मी बघून आलो. कोलंबसपासून तासाभराच्या आत आहे. बारा हजारांच्या आसपास वस्ती. गावाच्या मध्ये जुनं कोर्ट आणि त्या कोर्टाच्या दगडी मनोऱ्यावर झाड उगवलंय. आपल्याकडे असं झाड म्हणजे दुर्लक्षाची खूण, पिंपळ उगवला की इमारत गेली म्हणायची. यांनी दीडशे वर्षं ते जपलं आणि त्यावरून गावाची ओळख केली. अशा गावाला होंडाने ५५ कोटी डॉलर आणि दोन हजार नोकऱ्यांचा कारखाना देऊ केला. ओहायो आणि इलिनॉय दोघंही स्पर्धेत होते. जून २००६ मध्ये घोषणा झाली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये पहिली गाडी बाहेर आली. या दोन तारखांमधलं अंतर मी परत परत मोजलं. सव्वादोन वर्षं. आमच्याकडे तेवढ्या वेळात प्लॉटची मोजणी होते, आणि ती परत एकदा करायला लागते.

त्यांनी काय काय केलं याची यादी देत बसत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००६ पर्यंत इंडियानाच्या बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत नव्हती. बाकीची बहुतेक अमेरिका करायची. त्यामुळे हे राज्य अर्धं वर्ष न्यूयॉर्कच्या वेळेवर आणि अर्धं वर्ष शिकागोच्या वेळेवर असल्यासारखं व्हायचं. बाहेरचा माणूस फोन लावायचा आणि विचारायचा, तुमच्याकडे आता वाजले किती? गव्हर्नर मिच डॅनियल्स यांनी हट्टाने कायदा बदलून घेतला, शेतकऱ्यांचा आणि कित्येक मतदारांचा राग ओढवून. फोन करणाऱ्याला वेळ विचारावी लागू नये, एवढ्यासाठी. आमच्या तालुक्यात घड्याळ एकच आहे, पण कॅलेंडरं दोन. १ नोव्हेंबरला अर्धं गाव कर्नाटकाचा राज्योत्सव करतं, अर्धं महाराष्ट्रात घेतलं नाही म्हणून काळा दिन पाळतं, आणि त्या दिवशी कंटेनर भरायचा असला तर मी आदल्या रात्रीच भरून काढतो. परदेशी ग्राहकाला याचं कारण ईमेलमध्ये लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा खोडलं आणि ‘लोकल हॉलिडे’ लिहिलं.

करही त्यांनी कमी केले. कंपन्यांवरचा राज्याचा कर २०१२ मध्ये साडेआठ टक्के होता, तो पायरीपायरीने उतरवत २०२१ मध्ये ४.९ टक्क्यांवर आणला. त्याच २०१२ साली कामगार संघटनेची वर्गणी सक्तीने घेता येणार नाही असा कायदाही केला. मी स्वतः कामगार होतो, त्यामुळे हे दुसरं मला पटत नाही. असो, तो वेगळा विषय.

मला पटलं ते एका मंगळवारी संध्याकाळी. जावई म्हणाला, गावाच्या कौन्सिलची सभा आहे, येता का? आपल्या महानगरपालिकेची सभा मी पाहिलेली असल्यामुळे करमणूक होईल म्हणून गेलो. दारात विषयपत्रिका ठेवलेली, कुणीही उचलावी. मागच्या खुर्चीवर बसलो. एका कारखान्याची मालमत्ता करातली सवलत चालू ठेवायची की नाही, हा विषय होता. नाव लिहीत नाही. तिथली रीत अशी की नवीन यंत्रं किंवा इमारत घालणाऱ्या कंपनीला गाव काही वर्षं, सहसा दहा वर्षांपर्यंत, करात सूट देतं. पण सूट मागताना कंपनीने लिहून द्यायचं असतं, किती पैसे घालणार, किती माणसं घेणार, पगार काय देणार. आणि त्यानंतर सूट चालू असेपर्यंत दर वर्षी सीएफ-१ नावाचा फॉर्म भरायचा. त्यात दोन रकाने शेजारीशेजारी. एकात काय म्हणाला होतात, दुसऱ्यात काय केलंत.

त्या कंपनीचे चाळीस आणि एकतीस असे आकडे होते. कौन्सिलमधल्या एका बाईंनी विचारलं, नऊ माणसं कुठे आहेत? कंपनीचा मॅनेजर उभा राहिला, माझ्याच वयाचा, कपाळाला घाम. म्हणाला, मशीन उशिरा आलं, तीन महिन्यांत घेतो. बाईंनी ते टिपून घेतलं. मग मतदान झालं, सूट चालू राहिली. हार नाही, शाल नाही, फोटोग्राफर नाही. पुढचा विषय गटाराचा होता.

घरी येताना गाडीत मी काही बोललो नाही. माझ्या खिळ्यावरच्या कात्रणांना दुसरा रकाना कधी नव्हताच, एवढंच डोक्यात फिरत होतं.

राज्य पातळीवरही तीच पद्धत आहे. १९९४ पासून त्यांची एक सवलत आहे, नवीन माणसाला पगार सुरू झाला की त्याच्या पगारातून राज्याला जो कर येतो त्यावरून कंपनीची सूट ठरते. माणूस घेतला नाही तर दमडी नाही. यात आपल्या लोकांना बोचणारं उदाहरण द्यायचं तर इन्फोसिसचं. २०१७ साली या कंपनीने इंडियानात दोन हजार अमेरिकन माणसं घेण्याची घोषणा केली आणि पुढे इंडियानापोलिसच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर प्रशिक्षण केंद्र बांधायला घेतलं. विमानतळाची नवी इमारत २००८ मध्ये झाली, जुनी जागा रिकामी पडली होती, ती अशी कामाला लावली. इथे कट्ट्यावर मित्र म्हणाले, “आपली कंपनी तिकडं गेली बघ.” मी म्हटलं, गेली खरी, पण कुठल्या अटीवर गेली ते वाचलंस काय? माणसं घेतली की सूट, आधी नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा मामा अमेरिकेला जाऊन आला आणि भाळला. तसं नाही. इंडियानापोलिसच्या वायव्येला लेबनन म्हणून गाव आहे. तिथे राज्याने मोठ्या कंपन्यांसाठी हजारो एकर शेतजमीन गोळा केली. नंतर कळलं की एवढ्या उद्योगांना तिथे पाणी पुरत नाही. मग बऱ्याच मैलांवरच्या वाबाश नदीकाठचं भूजल पाइपने आणायचा बेत निघाला, तेव्हा २०२३ मध्ये लाफायेतकडचे लोक सभांमधून असे काही भडकले की मला हलगा-मच्छे बायपासविरुद्ध लढणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांची आठवण झाली. तीच माणसं, तेच हात वर केलेले, फक्त टोप्यांच्या जागी कॅपा. आधी जमीन, मग पाण्याचा शोध, ही चूक दोन्हीकडे सारखीच होते. जवळच्याच विस्कॉन्सिन राज्याने तर २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी कंपनीला जवळजवळ तीन अब्ज डॉलरची सवलत कबूल केली होती, तेरा हजार नोकऱ्यांच्या वायद्यावर. अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्वतः फावड्याने माती उकरली. तेरा हजारांचं काय झालं? २०२१ मध्ये नवा करार करावा लागला आणि आकडा दीड हजारांच्याही खाली आला. पण मूळ करारही बघा. माणसं नाहीत तर सवलत नाही असं कलम होतं म्हणून राज्याचा बराच पैसा वाचला. गावाने रस्ते आणि पाण्यासाठी आधीच घातलेला पैसा मात्र घातला गेला तो गेलाच.

चतुर्थीला तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला एक अमेरिकन गृहस्थ आले होते, गावात उद्योग आणण्याचं काम करणाऱ्या संस्थेतले. मोदक हातात धरून कसा खायचा विचारत होते. मी माझ्या शेडचं सांगितलं तर त्यांनी मशिनी किती, माणसं किती, पॉवर किती, सगळं विचारलं, जणू उद्या मला प्लॉट देणार. मी विचारलं, तुमचं मुख्य काम काय, परदेशी जाऊन कंपन्या शोधणं? म्हणाले, तेही करतो, पण जास्त वेळ जातो तो इथे आधीपासून असलेल्या कारखान्यांत जाऊन बसण्यात. वर्षातून एकदा प्रत्येकाकडे जायचं आणि विचारायचं, काय अडतंय? कारण नवा पाहुणा गाव बघायला आला की तो आमच्याशी बोलण्याआधी जुन्या कारखानदाराशीच बोलतो.

मी हसलो, पण मला लगेच माझे पाहुणे आठवले.

काही वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका पंप कंपनीचे दोघे जण माझ्या शेडमध्ये आले होते. गोव्यात दाबोळीला विमानातून उतरले, चोर्ल्याच्या घाटाने आले, पोटात ढवळत होतं बिचाऱ्यांच्या. कुंदा दिला, खाल्ला, आवडला. कास्टिंग तपासलं, माप घेतलं, माझ्या पोरांचं काम बघून एकाने अंगठा वर केला. मग विचारलं, दोन मशिनी आणखी घातल्या तर वीज आहे का? मी ६५ हॉर्सपॉवरचा जादा लोड मागितला होता, अनामत भरली होती, फाइल एका कार्यालयात होती. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात मिळेल. त्यातला वयस्कर माणूस सभ्यपणे म्हणाला, त्या साहेबांना आत्ता फोन लावता येईल का, मला फक्त ऐकायचंय. मी फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावला. मग मीच फोन खिशात ठेवला.

तो लोड चौदा महिन्यांनी मिळाला. ऑर्डर केव्हाच दुसरीकडे गेली होती. या चौदा महिन्यांत मी त्या कार्यालयात किती खेपा घातल्या हे माझ्या स्कूटरचा टायर सांगेल. एकदा अर्ज परत आला कारण एका जागी मी इंग्रजीत लिहिलं होतं. मी कन्नड उत्तम वाचतो-लिहितो, जन्म इथलाच आहे, दुसऱ्या दिवशी कन्नडमध्ये लिहून दिलं. राग भाषेचा नव्हता, एका ओळीसाठी तीन आठवडे गेले त्याचा होता. भाषेचा राग वेगळा आहे आणि तोही सांगतो. इंडियानापोलिसला दर शनिवारी जपानी मुलांसाठी जपानी माध्यमाची शाळा भरते. बाप चार-पाच वर्षांसाठी कारखान्यात येतो, परत गेल्यावर पोरगं गणितात मागे पडू नये म्हणून. म्हणजे परक्या देशातून आलेल्या पाहुण्याच्या भाषेची त्या गावांना धास्ती वाटत नाही, उलट अशी शाळा आहे हे ते जपानला गेले की सांगतात. इथे माझ्या नातवाच्या मराठी शाळेला गळती आहे आणि साधं सरकारी परिपत्रक मराठीत मागितलं तर मी फुटीर ठरतो. बंगळूरचे अधिकारी फ्रँकफर्ट-टोकियोला जाऊन ‘आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे’ म्हणतात, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की सगळ्यांत आम्ही येतो का?

सीमेपलीकडचंही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्यात, इथले काही जण शेड घेऊन गेले. त्यातल्या माझ्या एका मित्राला विचारलं, आता आपल्या माणसांच्या राज्यात गेलास, कसं काय? म्हणाला, “साहेब बदलले रे, टेबल तेच हाय. फाइल मराठीतनं थांबती एवढंच.”

आणि हे काही आजचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं. आपल्या किर्लोस्कर रोडवरून मी रोज जातो. पुढे लोखंडी नांगर केले, जे सुरुवातीला कुणी घेईना, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज. कारखाना जरा उभा राहतोय तोवर नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे त्यांना जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी आपल्या राज्यात या म्हटलं. कर्ज दिलं, आणि कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ मिळाला. निवडुंग आणि साप यांनी भरलेला. १९१० मध्ये बेळगावचा कारखाना तिकडे गेला आणि किर्लोस्करवाडी झाली. औंधचं संस्थान केवढं? पण त्यांना कळलं होतं की माणूस आणायचा तर त्याला काय लागतं. पुढे १९६२ मध्ये याच किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाने अमेरिकेतल्या एका कंपनीबरोबर पुण्याला कोथरूडमध्ये इंजिनांचा कारखाना काढला. ती कंपनी कमिन्स. कोलंबस, इंडियाना. माझा जावई तिथेच नोकरी करतो. बेळगावने घालवलेल्या कारखान्याचं एक टोक शोधायला मला तेरा हजार किलोमीटर जावं लागलं.

आपल्याकडे काहीच होत नाही असं मात्र म्हणू नका. हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग करणारं विशेष आर्थिक क्षेत्र २००९ पासून आहे. कॅनडाच्या आणि फ्रान्सच्या कंपन्या तिथे भागीदारीत आल्या. विमानाचा भाग म्हणजे मायक्रॉनचा खेळ, आणि तो करणारी पोरं गोकाक, संकेश्वर, हुक्केरीचीच आहेत. त्यातला एक माझ्याकडे शिकून गेला, त्याचा मला राग येत नाही. फोर्जिंगपासून मशीनिंग आणि पॉलिशपर्यंत सगळं एका आवारात मिळतं म्हणून परदेशी तिथे येतो. उद्यमबागेत हेच सगळं आहे, दोन किलोमीटरच्या आत. पॅटर्न, फाउंड्री, मशीन शॉप, हीट ट्रीटमेंट. मध्ये फक्त धड रस्ता नाही. पावसाळ्यात टेम्पोतून जाताना कास्टिंगला पोचे पडतील की काय असं वाटतं.

तर माझी मागणी. जादा सवलती द्या, कर माफ करा असं मी म्हणत नाही. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. ते असलं की दहा दिवस हॉटेलं भरतात आणि सांब्र्यापर्यंतचा रस्ता काळाभोर होतो. त्या अधिवेशनात एक तास बेळगाव जिल्ह्यासाठी ठेवावा आणि एक तक्ता सभागृहासमोर ठेवावा. गेल्या प्रत्येक मेळाव्यात या जिल्ह्यासाठी कुठल्या कंपनीने किती पैशांचा आणि किती माणसांचा शब्द दिला, कुणाला किती एकर दिली, आणि आज तिथे काय आहे. दोन रकाने. कन्नड आणि मराठी, दोन्हींत छापलेला. ज्या जमिनी घेतल्या आणि पडून आहेत त्या कुणाच्या होत्या हेही त्यात असू दे, कारण त्या शेतकऱ्यांना आपली जमीन कशासाठी गेली ते अजून कळलेलं नाही. उत्तर द्यायला कंपनीचा माणूस बोलवा. घाम आला तर येऊ दे.

आणि अधिवेशनात होणार नसेल तर आपण करा. वर्षातून एक पान. माझी कात्रणं मी द्यायला तयार आहे, खिळ्यासकट.

तो सीएफ-१ फॉर्म मी येताना प्रिंट काढून आणलाय. दोन-तीन पानांचाच आहे, कुणालाही कळेल असा. त्याचं मराठी आणि कन्नड मी स्वतः करून ठेवलंय, कन्नड माझ्या फोरमनने तपासलंय. आपला वार्ताहर पाठवणार असाल तर त्याला मागच्या दाराने यायला सांगा. पुढच्या दारासमोर मे महिन्यापासून चर खोदून ठेवलीय.

आपला,
एक जुना टर्नर
उद्यमबाग, बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती. आणखी एक फाइल अडकलेली आहे.)